आकृती एकीकडे, पुस्तिका दुसरीकडे: वर्डमध्ये फाइल लिंक करण्याची माझी पद्धत

पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका तयार करणं हे माझं काम. मॉडेल बदललं की पुस्तिका बदलते, पण आतला निम्मा ऐवज तोच राहतो. वीजजोडणीची आकृती तीच, सुरक्षेच्या सूचनांचं पान तेच, सुट्या भागांचा तक्ता थोड्याफार फरकाने तोच. डिझाइनवाल्यांनी आकृतीत अर्थिंगची वायर दुसरीकडून वळवली की खरी परीक्षा सुरू होते. आकृती प्रत्येक पुस्तिकेत कॉपी-पेस्ट केलेली असेल, तर एकेक पुस्तिका उघडा, जुनी काढा, नवी टाका, आकार जुळवा, सेव्ह करा. यात एखादी पुस्तिका हमखास सुटते, आणि जुनी आकृती घेऊन बाहेर जाते.

यावर उपाय एकच: जे बदलतं ते पुस्तिकेत ठेवायचंच नाही. ते बाहेर स्वतंत्र फाइलमध्ये राहू द्यायचं आणि पुस्तिकेत त्या फाइलची लिंक द्यायची. ही सोय नवी नाही. मायक्रोसॉफ्टने ओएलई (ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग) हे तंत्र १९९० मध्ये आणलं, तेव्हापासून लिंक करणं आणि एम्बेड करणं (म्हणजे प्रतच आत बसवणं) हे दोन्ही मार्ग शेजारी-शेजारी आहेत. पण बहुतेकांचा हात सवयीने कंट्रोल व्ही वर जातो आणि लिंकचा मार्ग तसाच पडून राहतो.

खाली सगळं विंडोजवरच्या वर्डबद्दल आहे. लिबरऑफिस रायटरबद्दल शेवटाकडे. मेनूंची आणि फाइलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात लिंक करायच्या फाइलींना मी इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता नावं देते.

कॉपी केल्यावर आत काय जातं ते एकदा बघा

कुठल्याही डॉकएक्स फाइलची एक प्रत काढा आणि तिच्या नावाचं शेपूट .डॉकएक्स ऐवजी .झिप करा. (शेपूट दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा.) आता ती उघडा. डॉकएक्स ही मुळात झिपच असते. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया'. तुम्ही टाकलेली सगळी चित्रं तिथे रांगेने पडलेली दिसतील.

त्याच्याच शेजारी 'एम्बेडिंग्ज' नावाचा फोल्डर असेल तर तो जरूर उघडा. एक्सेलचा तक्ता 'ऑब्जेक्ट' म्हणून एम्बेड केला असेल, तर तिथे तुमची पूर्ण एक्सेल फाइल असते. तुम्ही निवडलेल्या पाच ओळी नव्हे. पूर्ण वर्कबुक, लपवलेल्या शीटसकट. पुस्तिकेत दिसतो फक्त सुट्या भागांचा तक्ता, पण वाचणाऱ्याने त्यावर डबल-क्लिक केलं की खरेदीचे दर असलेली शीटही त्याच्यासमोर उघडू शकते. फाइल जड होते ही तक्रार सगळे करतात. मला ही दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते.

नुसती लिंक दिलेल्या चित्राचं तसं नसतं. 'मीडिया'मध्ये ते सापडत नाही. 'वर्ड' फोल्डरातल्या 'रेल्स' या उपफोल्डरातल्या एका फाइलीत त्याचा पत्ता लिहिलेला असतो आणि पुढे 'एक्स्टर्नल' अशी नोंद असते.

आधी फोल्डर, मग लिंक

लिंक तुटल्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा वर्डमध्ये नसतं, फोल्डरच्या रचनेत असतं. म्हणून पहिली लिंक देण्याआधी हे उरकून घ्या.

एक मुख्य फोल्डर करा, समजा 'पुस्तिका'. त्यात 'चित्रे', 'तक्ते' आणि 'सामाईक'. वर्डच्या फाइली थेट 'पुस्तिका'त. हा फोल्डर अशा जागी ठेवा जिथून तो हलवावा लागणार नाही. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स या दोन जागा बाद. क्लाउडशी सिंक होणारा फोल्डरही जपून वापरा, कारण तो सहसा तुमच्या युजरनेमच्या पोटात असतो. तुमच्या मशीनवरचा पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) सहकाऱ्याच्या मशीनवर अस्तित्वातच नसतो, त्यामुळे तीच फाइल त्याच्याकडे उघडली की सगळी चित्रं गायब. ऑफिसच्या सर्व्हरवर काम असेल तर 'झेड ड्राइव्ह' असा पाथ देऊ नका. कुणाकडे सर्व्हरवरचा तोच फोल्डर 'वाय' म्हणून जोडलेला असतो. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरच्या नावाचा पूर्ण पाथ द्या; तो सगळ्यांकडे सारखाच असतो.

दुसरं, नावं. लिंक ज्या फाइलकडे जाते तिच्या नावात तारीख, आवृत्ती किंवा 'फायनल' हे शब्द नकोत. 'वायरिंग.पीएनजी' म्हणजे कायम चालू असलेली आकृती. नवी आली की जुनीचं नाव तारखेसह बदलून ती 'जुनी' या फोल्डरात टाकायची आणि नवीला तेच मूळ नाव द्यायचं. 'वायरिंग_नवी_२' अशा नावाने नवी फाइल शेजारी ठेवलीत, तर वर्ड इमानेइतबारे जुनीच दाखवत राहील.

आणि वर्डची फाइल लिंक देण्याआधी त्या फोल्डरात सेव्ह केलेली असू द्या.

चित्रं

इन्सर्ट, पिक्चर्स, धिस डिव्हाइस. फाइल निवडा, पण 'इन्सर्ट' बटणावर थेट क्लिक करू नका. त्याच्या उजव्या कडेला एक छोटा बाण आहे, तो दाबा. तीन पर्याय येतात. 'इन्सर्ट' म्हणजे नेहमीची कॉपी. 'लिंक टू फाइल' म्हणजे फक्त पत्ता. 'इन्सर्ट अँड लिंक' म्हणजे दोन्ही: चित्राची प्रत आत राहते आणि मूळ फाइल सापडली तर तिच्यावरून ताजीही होते.

मी बहुतेक वेळा तिसरा पर्याय घेते. फाइलचं वजन कमी होत नाही, हे खरं. पण पुस्तिका तपासायला दुसऱ्याकडे गेली की त्याला चित्राच्या जागी रिकामी चौकट आणि लाल फुली दिसत नाही. 'लिंक टू फाइल' मी तेव्हाच घेते जेव्हा फोटो खूप आणि मोठे असतात आणि फाइल उघडायलाच वेळ लागायला लागतो. फक्त वजनासाठी लिंक करणारेही पुष्कळ आहेत. त्यांना हाच पर्याय योग्य.

मूळ चित्र बदललं, पण लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं असेल तर गडबड होते. चौकट जुन्या मापाची आणि चित्र नवं, त्यामुळे ते दाबलेलं किंवा ताणलेलं दिसू शकतं. आकृत्या काढणाऱ्याला एकदा बजावून ठेवा: आतलं काहीही बदल, कॅनव्हासचं माप बदलू नकोस.

एक्सेलचे तक्ते

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे आणि खड्डेही इथेच.

एक्सेलची फाइल सेव्ह करून घ्या, हवा तो भाग निवडा, कंट्रोल सी. वर्डमध्ये होम टॅबवर 'पेस्ट'च्या खालचा बाण, मग 'पेस्ट स्पेशल'. डावीकडे 'पेस्ट लिंक' निवडा. मग मधल्या यादीत प्रकार निवडायचा. 'एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट' घेतलात तर तक्ता हुबेहूब एक्सेलसारखा दिसतो, पण वर्डच्या दृष्टीने ते एक चित्र असतं: पानाच्या शेवटी तुटून पुढच्या पानावर जात नाही. 'फॉरमॅटेड टेक्स्ट' घेतलात तर वर्डचा खरा टेबल मिळतो, दोन पानांवर विभागता येतो, हेडिंगची ओळ पुढच्या पानावर पुन्हा आणता येते. सुट्या भागांच्या लांबलचक यादीला दुसरा, आणि चारपाच ओळींच्या तांत्रिक तपशिलाला पहिला, हा माझा हिशेब.

आता खरा खड्डा. लिंक झाल्यावर ऑल्ट एफ९ दाबा. मजकुराच्या जागी महिरपी कंसातले कोड दिसायला लागतील; वर्ड त्यांना फील्ड म्हणतो. तक्त्याच्या जागी साधारण असं काही असेल (पडद्यावर अर्थात इंग्रजी अक्षरांत):

{ लिंक एक्सेल.शीट.१२ "डी:\\पुस्तिका\\तक्ते\\सुटेभाग.एक्सएलएसएक्स" "शीट१!आर२सी१:आर१४सी५" \ए \आर }

'आर२सी१:आर१४सी५' याचा अर्थ दुसऱ्या ओळीच्या पहिल्या रकान्यापासून चौदाव्या ओळीच्या पाचव्या रकान्यापर्यंत. हे आकडे गोठलेले आहेत. वर्डची फाइल बंद असताना कुणी एक्सेलमध्ये वर दोन ओळी घातल्या, तर तक्ता खाली सरकतो, पण वर्ड जुन्याच चौकोनात बघत राहतो. वर नको त्या दोन ओळी येतात आणि खालच्या दोन कापल्या जातात. एररही येत नाही. तक्ता नीटनेटका दिसतो, फक्त शेवटचे दोन भाग यादीत नसतात.

यावरचा इलाज म्हणजे त्या भागाला नाव देणं. एक्सेलमध्ये तो भाग निवडा, फॉर्म्युला बारच्या डाव्या टोकाला जी छोटी चौकट असते तिच्यात नाव टाइप करा, समजा 'पार्टस', आणि एंटर. नावात मोकळी जागा चालत नाही. मग वर्डमध्ये ऑल्ट एफ९ करून वरच्या कोडातला "शीट१!आर२सी१:आर१४सी५" हा तुकडा खोडा आणि त्या जागी अवतरणचिन्हांत "पार्टस" लिहा. कर्सर तिथेच ठेवून एफ९ (म्हणजे अपडेट), मग पुन्हा ऑल्ट एफ९. आता ओळी वर घाला नाहीतर मधे, नाव त्यांच्याबरोबर सरकतं. एक पळवाट मात्र उरतेच: शेवटच्या ओळीच्या खाली नवी ओळ टाइप केली तर ती नावाच्या हद्दीबाहेर राहते. म्हणून मी तक्त्याच्या तळाशी एक रिकामी बारीक ओळ नावाच्या हद्दीतच ठेवते आणि भर घालणाऱ्यांना सांगते की तिच्या वर ओळ घाला.

कोड हाताने बदलताना दोन पथ्यं. पाथमधली प्रत्येक उलटी तिरपी रेघ दुहेरी असते, ती तशीच राहू द्या. आणि महिरपी कंस कीबोर्डवरून टाइप केलेले चालत नाहीत. नवं फील्ड हवं असेल तर कंट्रोल एफ९ दाबा, वर्ड स्वतःचे कंस देतो.

रंग, रकान्यांची रुंदी वगैरे वर्डमध्ये सजवलेलं पुढच्या अपडेटला पुसलं जातं, अशी ओरड नेहमीची. लिंक्सच्या चौकटीत (ती कुठे असते ते पुढे येतंच) 'प्रिझर्व्ह फॉरमॅटिंग आफ्टर अपडेट'वर खूण करा. बऱ्याच अंशी भागतं. पण माझा सल्ला, सजावट एक्सेलमध्येच करा. एका गोष्टीचे दोन मालक झाले की भांडण होणारच.

एक्सेलच्या चार्टबद्दल एवढंच: साधं कंट्रोल व्ही केलं तरी वर्ड मूळ सेटिंगप्रमाणे चार्टचा डेटा लिंकच करतो. म्हणजे आपण लिंक कधी वापरली नाही असं वाटणाऱ्यांच्या फाइलींतही त्या असतात. पेस्ट केल्यावर खाली उमटणाऱ्या छोट्या चौकटीत पाचही पर्याय दिसतात, तिथे बघून घ्या. त्यातला 'एम्बेड वर्कबुक' निवडला की पुन्हा पूर्ण एक्सेल फाइल आत जाते, हे वर आलंच आहे.

सामाईक मजकूर

सुरक्षेच्या सूचनांचं पान सगळ्या पुस्तिकांत एकच. ते मी 'सामाईक\सुरक्षा' या वर्ड फाइलमध्ये ठेवते. पुस्तिकेत कर्सर हव्या त्या जागी, इन्सर्ट टॅबवर 'ऑब्जेक्ट'च्या शेजारचा बाण, 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'. फाइल निवडा आणि इथेही 'इन्सर्ट'च्या बाणातून 'इन्सर्ट अ‍ॅज लिंक'. मजकूर साध्या मजकुरासारखाच दिसतो, पण ऑल्ट एफ९ केलं की त्याच्या जागी 'इन्क्लूडटेक्स्ट' असं फील्ड दिसतं.

पूर्ण फाइल नको, त्यातला एकच भाग हवा असेल तर मूळ फाइलमध्ये त्या भागाला बुकमार्क, म्हणजे खुणेचं नाव, द्या. मग त्याच चौकटीतल्या 'रेंज' बटणात बुकमार्कचं नाव लिहा, किंवा फील्डमध्ये पाथनंतर जोडा:

{ इन्क्लूडटेक्स्ट "डी:\\पुस्तिका\\सामाईक\\सुरक्षा.डॉकएक्स" वीज }

माझ्या सुरक्षेच्या फाइलमध्ये 'वीज', 'उचलणे' आणि 'साठवण' असे बुकमार्क आहेत. पाण्यात बुडणाऱ्या पंपाला तिन्ही लागतात, छोट्या घरगुती पंपाला 'उचलणे' लागत नाही.

दोन्हीकडे एकाच नावाची स्टाइल (फॉन्ट, साइज वगैरेची नाव दिलेली मांडणी) असेल तर मजकूर पुस्तिकेच्या स्टाइलचं रूप घेतो. हे सोयीचंच आहे, पण त्यासाठी मूळ फाइलमध्ये हाताने फॉन्ट आणि साइज न देता स्टाइलच वापरलेली हवी.

लिंक केलेल्या मजकुरात पुस्तिकेतच बसून दुरुस्ती केली, तर ती पुढच्या एफ९ला निमूट नाहीशी होते. दुरुस्ती तिथेच करायची खोड असेल तर कंट्रोल शिफ्ट एफ७ माहीत करून घ्या: 'इन्क्लूडटेक्स्ट'मध्ये केलेला बदल ते उलट दिशेने मूळ फाइलमध्ये नेऊन ठेवतं. मी मात्र हे टाळते. एका पुस्तिकेच्या ओघात केलेली दुरुस्ती बाकीच्या सगळ्या पुस्तिकांत जाणार असेल, तर ती मूळ फाइल समोर उघडून, डोळ्यांनी वाचूनच करावी.

वर्डमध्ये अनेक फाइली जोडून एक मोठी फाइल करणारा 'मास्टर डॉक्युमेंट' नावाचाही प्रकार आहे. मी त्याच्या वाटेला जात नाही. 'इन्क्लूडटेक्स्ट'ने माझं सगळं काम होतं आणि बिघडलं तर काय बिघडलं ते एका ओळीत दिसतं.

सगळ्या लिंक एका ठिकाणी

फाइल, इन्फो, आणि उजव्या रकान्यात अगदी तळाशी 'एडिट लिंक्स टू फाइल्स'. ते दिसत नसेल तर त्या फाइलमध्ये लिंक नाही, किंवा फाइल अजून सेव्ह केलेली नाही. ही चौकट म्हणजे लिंकांचं ऑफिस. कुठली लिंक कुठे जाते ते दिसतं. 'चेंज सोर्स'ने पत्ता बदलता येतो, 'अपडेट नाऊ'ने ताजी करता येते, 'ब्रेक लिंक'ने तोडता येते. चित्रं नेहमी ऑल्ट एफ९ला दिसतीलच असं नाही, म्हणून चित्रांसाठी खात्रीची जागा हीच.

ऑटोमॅटिक की मॅन्युअल? वर्ड आपणहून ऑटोमॅटिक ठेवतो. मी सगळ्या तक्त्यांच्या लिंक मॅन्युअल करते. कारण असं की ऑटोमॅटिकला फाइल उघडतानाच वर्ड एक्सेलला हाक मारत बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मी तपासून दिलेली पुस्तिका दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत तक्त्यातला आकडा परस्पर बदललेला असू शकतो. मॅन्युअल असेल तर अपडेट मी म्हणेन तेव्हाच होतं: कंट्रोल ए, एफ९. एवढं करून हेडर, फुटर आणि टेक्स्ट बॉक्समधली फील्ड राहतात. त्यांच्यात क्लिक करून तिथे वेगळं एफ९ द्यावं लागतं. मंजूर झालेला एखादा तक्ता आता कुणाच्याही एफ९ने हलू नये असं वाटलं तर त्याच्यावर कर्सर ठेवून कंट्रोल एफ११: लिंक लॉक होते. कंट्रोल शिफ्ट एफ११ने कुलूप निघतं.

फोल्डर हलवावाच लागला तर एकेक लिंक 'चेंज सोर्स'ने बदलत बसू नका. ऑल्ट एफ९ करून कोड उघडे करा, मग कंट्रोल एच. 'फाइंड'मध्ये जुना पाथ, दुहेरी तिरप्या रेघांसकट; 'रिप्लेस'मध्ये नवा, तसाच. 'रिप्लेस ऑल', ऑल्ट एफ९, कंट्रोल ए, एफ९. फील्डच्या रूपात असलेल्या सगळ्या लिंक एका झटक्यात वळतात. 'लिंक टू फाइल'ने टाकलेली चित्रं यात येत नाहीत, ती त्या चौकटीतूनच.

आणखी एक सेटिंग तपासून ठेवा. वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'डिस्प्ले'खाली 'अपडेट लिंक्ड डेटा बिफोर प्रिंटिंग' आणि 'अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग' अशा दोन खुणा आहेत. त्या चालू असतील आणि ऐन वेळी सर्व्हर बंद असेल, तर तक्त्याच्या जागी ठळक अक्षरांत 'एरर! नॉट अ व्हॅलिड लिंक' असं छापून येतं. मजकुराच्या लिंकला हेच 'नॉट अ व्हॅलिड फाइलनेम' या रूपात येतं. माझ्याकडे दोन्ही खुणा बंद. छापायच्या आधी स्वतः एफ९ द्यायचं आणि मग कंट्रोल एफने 'एरर!' हा शब्द शोधायचा. काही सापडलं नाही की पुढे.

बाहेर पाठवताना

जिवंत लिंका असलेली वर्ड फाइल ऑफिसबाहेर पाठवू नये. तिकडे चित्रं दिसत नाहीत हे एक, आणि तुमच्या सर्व्हरचं नाव, फोल्डरांची रचना, कधी कधी युजरनेमही त्या पाथमध्ये उघडं दिसतं हे दुसरं. पीडीएफने भागत असेल तर पीडीएफ द्या, विषय संपला.

वर्ड फाइलच हवी असा आग्रह असेल तर 'सेव्ह अ‍ॅज'ने प्रत काढा आणि जे काही करायचं ते प्रतीवर करा. लिंक्सच्या चौकटीत चित्रांच्या ओळी निवडून 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट'वर खूण करा, मग सगळ्या ओळी शिफ्टने निवडून 'ब्रेक लिंक'. सगळीकडे एक सोपा उपाय सांगितला जातो: कंट्रोल ए आणि कंट्रोल शिफ्ट एफ९, की सगळी फील्ड सुटतात. सुटतात खरी. पण फील्ड म्हणजे फक्त लिंका नव्हेत. अनुक्रमणिका हेही फील्ड, 'आकृती ७ पाहा' मधला सातही फील्ड. सगळी एकदम मरतात. नंतर एक पान वाढलं तरी अनुक्रमणिका जुनेच पृष्ठक्रमांक सांगत राहते. तेव्हा हे बटण एखादं फील्ड निवडूनच दाबावं.

उलट बाजूने, बाहेरून आलेल्या अनोळखी फाइलने उघडताना 'या डॉक्युमेंटमध्ये इतर फाइलींच्या लिंक आहेत, अपडेट करू का' असं विचारलं तर 'नो' म्हणा. ही अतिकाळजी नव्हे. मे २०२२ मध्ये उघडकीला आलेला 'फॉलिना' नावाचा हल्ला याच वाटेने व्हायचा: वर्ड फाइलमधली बाहेरची लिंक दूरच्या सर्व्हरवरून पान ओढून आणायची आणि त्यातून विंडोजच्या दुरुस्ती-साधनामार्फत मशीनवर हवा तो कोड चालवता यायचा. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये ते भोक बुजवलं. फाइल 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये (फक्त वाचण्यापुरत्या सुरक्षित रूपात) उघडली असेल तर आधी ती तिथेच वाचा.

लिबरऑफिस रायटर

रायटरमध्ये हेच काम मला थोडं जास्त सरळ वाटतं. इन्सर्ट, इमेज, आणि फाइल निवडण्याच्या चौकटीत खाली 'लिंक' असा चौकोन. खूण केली की रायटर बजावतो: चित्र डॉक्युमेंटमध्ये साठवलं जाणार नाही, फाइल हलवली तर धोका, लिंकच ठेवायची का? 'कीप लिंक' म्हणा.

मोठा फायदा पाथचा. टूल्स, ऑप्शन्स, 'लोड/सेव्ह', 'जनरल' इथे 'सेव्ह यूआरएल्स रिलेटिव्ह टू फाइल सिस्टिम' असा पर्याय आहे. तो चालू असेल तर पत्ता डॉक्युमेंटच्या जागेपासून मोजला जातो, आणि 'पुस्तिका' हा पूर्ण फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर किंवा पेन ड्राइव्हवर नेला तरी लिंका शाबूत राहतात. चौकटीत पूर्ण पाथ दिसतो म्हणून गोंधळू नका. सेव्ह होताना तो सापेक्षच होतो. फक्त डॉक्युमेंट आणि चित्रं एकाच ड्राइव्हवर हवीत.

सामाईक मजकुरासाठी इन्सर्ट, सेक्शन. तिथे 'लिंक'वर खूण, फाइल निवडा, आणि मूळ फाइलमध्ये नाव दिलेले सेक्शन असतील तर त्यातला एकच घ्या. शेजारीच 'प्रोटेक्टेड' आहे, त्यावरही खूण करा. मग पुस्तिकेत बसून कुणी त्या मजकुराला हात लावू शकत नाही. वर्डमध्ये मला ही सोय फार खटकते, म्हणजे नसल्याबद्दल. सगळ्या लिंकांची यादी एडिट मेनूत 'लिंक्स टू एक्स्टर्नल फाइल्स' इथे. उघडताना अपडेट करायचं की नाही हे रायटरच्या ऑप्शन्समध्ये 'जनरल'खाली ठरतं; 'ऑन रिक्वेस्ट' ठेवा. फाइल उघडल्यावर वर पट्टी येते, 'ऑटोमॅटिक अपडेट बंद आहे' अशी. स्वतःची फाइल असेल तर परवानगी द्या.

गुगल डॉक्समध्ये चित्राची अशी लिंक देता येत नाही, पण शीट्समधला तक्ता किंवा चार्ट पेस्ट करताना 'लिंक टू स्प्रेडशीट' विचारलं जातं आणि मूळ बदललं की त्यावर 'अपडेट' बटण येतं. तेवढ्यापुरतं ते उत्तम.

काय लिंक करू नये

कंपनीचं बोधचिन्ह टेम्प्लेटमध्येच घाला, ते वर्षानुवर्षं बदलत नाही. एकाच पुस्तिकेत एकदाच येणारा फोटो सरळ कॉपी करा. सही झालेली, मंजूर झालेली प्रत लिंकांसकट साठवू नका: ती आज जशी आहे तशीच पाच वर्षांनी दिसायला हवी, आणि लिंक असेल तर ती तशी दिसणार नाही. अशा प्रतीचा मी पीडीएफ करते आणि शेजारी लिंका तोडलेली डॉकएक्स ठेवते. जी फाइल दुसऱ्या विभागाच्या ताब्यात आहे आणि तो विभाग न विचारता तिला कुठेही हलवतो, तिच्याकडे थेट लिंक देऊ नका. तिची प्रत आपल्या 'तक्ते' फोल्डरात आणायची आणि लिंक त्या प्रतीला द्यायची. एक पायरी वाढते, पण चावी आपल्या हातात राहते.

पहिल्यांदा करत असाल तर शेवटी ही चाचणी घ्या. वर्डची फाइल बंद करा, 'चित्रे' फोल्डरचं नाव तात्पुरतं 'चित्रे_बंद' करा आणि फाइल पुन्हा उघडा. लिंक्सच्या चौकटीत प्रत्येक ओळ निवडून 'अपडेट नाऊ' द्या. 'लिंक टू फाइल' केलेल्या जागी लाल फुली यायला हवी. 'इन्सर्ट अँड लिंक' केलेली चित्रं टिकायला हवीत. जे चित्र यादीतच नाही आणि तरी दिसतंय, ते कुठेतरी चुकून कंट्रोल व्हीने आलेलं आहे. त्याची नोंद करा. मग फाइल सेव्ह न करता बंद करा, फोल्डरला जुनं नाव द्या आणि नोंदलेली चित्रं काढून पुन्हा लिंकने टाका.